झोपलेल्या लॅपटॉपला हाक: कळ दाबून संगणक उठवण्याचा इतिहास

लॅपटॉप झोपलेला असतो तेव्हा स्क्रीन काळी असते, पंखा थांबलेला असतो आणि अनेक यंत्रांत प्रोसेसरची वीजही तोडलेली असते. तरीही जोडलेल्या कीबोर्डची एक कळ दाबली की काही क्षणांत अर्धवट राहिलेले काम जसेच्या तसे समोर येते. त्यासाठी तीन गोष्टी आधी ठरलेल्या असाव्या लागतात. बाकी सगळे झोपले असताना जागे कोणी राहायचे, त्याला वीज कुठून मिळायची आणि झोपमोड करण्याचा अधिकार कोणाला द्यायचा? गेल्या चाळीसेक वर्षांत या तीन प्रश्नांची उत्तरे अनेकदा बदलली. लॅपटॉपच्या झोपेचा इतिहास हा मुख्यतः त्या बदलांचा इतिहास आहे.

चालू आणि बंद

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्याच्या पेटीच्या बाजूला एक मोठा, खटकन पडणारा स्विच होता. स्विच वर केला की वीज सुरू, खाली केला की मेमरीतले सगळे पुसले जाई. मधली अवस्था नव्हती. कीबोर्डमध्ये मात्र तेव्हापासूनच इंटेलची ८०४८ ही स्वतंत्र छोटी चिप होती. कोणती कळ दाबली गेली हे ती ओळखे आणि तिचा सांकेतिक क्रमांक तारेवरून संगणकाकडे पाठवी. तिथे एक ‘इंटरप्ट’ उठे, म्हणजे हातातले काम बाजूला ठेवून इकडे लक्ष द्यावे, अशी सूचना प्रोसेसरला मिळे. ही सूचना ऐकायला प्रोसेसर चालू असणे मात्र आवश्यक होते.

१९८४ च्या ‘एटी’ संगणकात आयबीएमने मदरबोर्डवरही ८०४२ ही कीबोर्ड नियंत्रक चिप बसवली. १९८७ च्या ‘पीएस/२’ मालिकेत कीबोर्ड आणि माऊस यांना सहा पिनांचे एकसारखे छोटे गोल प्लग मिळाले आणि माऊसही त्याच नियंत्रकाच्या कक्षेत आला. कीबोर्डला पहिल्या आणि माऊसला बाराव्या क्रमांकाचा इंटरप्ट, ही व्यवस्था पुढे सर्वत्र रूढ झाली. ८०४२ चे काम तेव्हा साधे वाटत होते. लॅपटॉप झोपू लागले तेव्हा जागे राहण्याची जबाबदारी याच चिपच्या वंशाकडे आली.

बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांनी मधल्या अवस्थेची गरज आधी ओळखली. क्योसेराने बनवलेला आणि रेडिओ शॅकने १९८३ पासून विकलेला टीआरएस-८० मॉडेल १०० हे त्याचे चांगले उदाहरण आहे. चार साध्या सेलवर चालणारे हे यंत्र दहा मिनिटे कोणी हात लावला नाही तर आपोआप बंद होई, पण त्याची मेमरी कमी विजेवर तग धरणारी असल्याने लिहिलेला मजकूर टिकून राही. पत्रकारांमध्ये ते लोकप्रिय होण्याचे हे एक कारण होते. मात्र आपोआप बंद पडलेले हे यंत्र कळ दाबून उठत नसे. त्यासाठी स्विच एकदा बंद करून पुन्हा चालू करावा लागे. म्हणजे काम जपणे जमले होते, पण कळीची हाक ऐकायला कोणी जागे नव्हते.

मेमरी जागी ठेवण्याची किंमत

हाक ऐकणारा स्वतंत्र पहारेकरी ॲपलच्या मॅकिंटॉश पोर्टेबलमध्ये स्पष्टपणे दिसतो. सप्टेंबर १९८९ मध्ये आलेले हे यंत्र सुमारे सात किलो वजनाचे होते आणि त्यात शिसे-आम्लाची बॅटरी होती. झोपेच्या दृष्टीने त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली मेमरीची. नेहमीच्या डायनॅमिक मेमरीत प्रत्येक बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमध्ये विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो. हा भार सतत गळत असल्याने तो सेकंदात अनेक वेळा वाचून पुन्हा भरावा लागतो. झोपेत हे काम चालू ठेवायचे तर वीज खर्च होते. स्टॅटिक मेमरीला अशी पुनर्भरणी लागत नाही. ती महाग असते, पण नुसती टिकून राहण्यासाठी तिला फारच कमी वीज पुरते. ॲपलने पोर्टेबलसाठी हीच महाग मेमरी निवडली. पुढे डायनॅमिक मेमरीच्या चिपांनाच आपला भार आपण भरण्याची सोय मिळाली आणि झोपेची ही किंमत खाली आली. आजही झोपलेल्या लॅपटॉपची मेमरी याच स्वयंपुनर्भरणीवर टिकते.

दुसरी गोष्ट ‘पॉवर मॅनेजर’ची. हा एक वेगळा मायक्रोप्रोसेसर होता. बॅटरी, घड्याळ आणि कीबोर्ड यांवर लक्ष ठेवणे हे त्याचे काम. मुख्य प्रोसेसर झोपला तरी तो जागा असे आणि कळ दाबली गेली की झोपलेल्या भागांची वीज पुन्हा सुरू करी. ॲपलच्या १९९१ पासूनच्या पॉवरबुक यंत्रांतही हीच पद्धत होती. कॅप्स लॉक सोडून कोणतीही कळ दाबून यंत्र उठवावे, असे त्यांच्या पुस्तिकांत सांगितलेले असे.

बायॉसच्या हाती कारभार

आयबीएमच्या धर्तीवरच्या संगणकांची अडचण वेगळी होती. ॲपलकडे यंत्र आणि ऑपरेटिंग सिस्टीम दोन्ही होती. इकडे प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, प्रणाली तिसरीची अशी विभागणी होती. शिवाय डॉस या प्रचलित प्रणालीला झोप ही कल्पनाच माहीत नव्हती.

इंटेलने ऑक्टोबर १९९० मध्ये आणलेल्या ३८६ एसएल या प्रोसेसरने यातून वाट काढली. बॅटरीवरच्या संगणकांसाठी बनवलेल्या या चिपमध्ये ‘सिस्टीम मॅनेजमेंट मोड’ ही खास अवस्था होती. ठरावीक संकेत मिळताच प्रोसेसर आपली सगळी स्थिती मेमरीच्या राखीव भागात ठेवी आणि निर्मात्याने लिहिलेला वेगळा प्रोग्रॅम चालवू लागे. वर चाललेल्या डॉसला याचा पत्ताही लागत नसे. त्यामुळे प्रणालीला काही न विचारता यंत्र झोपवता आणि उठवता येऊ लागले.

जानेवारी १९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘ॲडव्हान्स्ड पॉवर मॅनेजमेंट’, म्हणजे एपीएम, हे मानक जाहीर केले. मदरबोर्डवरील चिपमध्ये कायमचा बसवलेला बायॉस हा प्राथमिक प्रोग्रॅम आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांनी एकमेकांशी कसे बोलावे, हे त्यात ठरवलेले होते. पूर्ण चालू आणि पूर्ण बंद यांच्यामध्ये आता ‘स्टँडबाय’ आणि ‘सस्पेंड’ या पायऱ्या आल्या. कीबोर्ड आणि माऊस यांचे इंटरप्ट किती वेळ आलेले नाहीत यावर बायॉस लक्ष ठेवी. बराच वेळ शांतता असली की तो यंत्र झोपवी आणि पुन्हा इंटरप्ट आला की उठवी.

याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ‘एनर्जी स्टार’ हे चिन्ह सुरू केले. ते मिळवणारी पहिली उत्पादने संगणक आणि मॉनिटर ही होती. वापरात नसताना ३० वॉटपेक्षा कमी वीज घेणे, ही त्यांच्यासाठीची प्रमुख अट होती. एप्रिल १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी केंद्र सरकारच्या कार्यालयांनी अशीच यंत्रे विकत घ्यावीत, असा आदेश काढला. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या मागणीमुळे झोप ही बॅटरीवरच्या यंत्रांपुरती सोय राहिली नाही, टेबलावरच्या संगणकांतही ती आली.

मॉनिटरच्या झोपेसाठीही १९९३ मध्ये व्हेसा या संस्थेने स्वतंत्र मानक केले. त्यामुळे नुसती स्क्रीन झोपणे आणि सगळे यंत्र झोपणे अशा दोन अवस्था वेगळ्या झाल्या. पहिलीत प्रोसेसर चालूच असतो आणि कळ दाबणे ही नेहमीची घटना असते. अवघड प्रकरण दुसरीचे आहे.

बंद यंत्रातली थोडी वीज

यंत्र झोपले तरी कीबोर्डला वीज मिळायची, तर मुख्य पुरवठ्याशेजारी सतत चालू राहणारा एक छोटा पुरवठा लागतो. १९८७ च्या मॅकिंटॉश टू या संगणकात कीबोर्डवरच वीज सुरू करण्याची कळ होती. ती दाबली की ॲपलच्या कीबोर्ड केबलमधली यासाठी राखलेली एक तार जमिनीला जोडली जाई आणि संगणक सुरू होई. पीसीच्या जगात ही सोय १९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या ‘एटीएक्स’ रचनेने सार्वत्रिक केली. या रचनेत भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत पाच व्होल्टचा एक राखीव पुरवठा मदरबोर्डला मिळत राहतो. पेटीवरचे बटण आता थेट वीज तोडत नव्हते, ते मदरबोर्डला विनंती करत होते. विनंतीच करायची, तर ती कीबोर्ड, माऊस किंवा नेटवर्क कार्डही करू शकत होते. याच सुमारास नेटवर्कवरून विशिष्ट संदेश पाठवून संगणक उठवण्याची सोयही प्रचारात आली.

लॅपटॉपमध्ये हे राखीव पुरवठ्याचे काम बॅटरीकडे आले आणि पहाऱ्याचे काम ‘एम्बेडेड कंट्रोलर’ नावाच्या चिपकडे. ८०४२ ची सगळी कामे तिने सामावून घेतली. शिवाय बॅटरी भरणे, पंख्याचा वेग आणि झाकण उघडे की मिटलेले, हेही तीच पाहू लागली. त्यामुळे लॅपटॉपच्या अंगचा कीबोर्ड जवळजवळ नेहमीच त्याला उठवू शकतो. बाहेरून जोडलेल्या कीबोर्डचे तसे नव्हते.

यूएसबी आणि हाकेचे व्याकरण

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी मानकाची पहिली आवृत्ती आली. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डिजिटल, एनईसी आणि नॉर्दर्न टेलिकॉम अशा, एरवी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या, सात कंपन्यांनी ते घडवले. इंटेलमध्ये या कामाचे प्रमुख शिल्पकार अजय भट्ट होते. ते मूळचे बडोद्याचे, तिथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. यूएसबीमुळे कोणतेही उपकरण केव्हाही जोडता आणि काढता येऊ लागले. त्यामुळे झोप आणि जाग यांचे नियमही मानकातच लिहून ठेवणे भाग पडले.

ते नियम नेमके आहेत. तारेवर ३ मिलिसेकंद शांतता राहिली की उपकरणाने झोपायचे. साध्या कीबोर्डसारख्या उपकरणाने झोपेत ५०० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त वीज घ्यायची नाही, अशी मूळ मानकातली मर्यादा होती. आपण जोडलेले आहोत हे दाखवण्यासाठी कीबोर्डमध्ये एक रोधक असतो, त्यातूनच सुमारे २०० मायक्रोअँपिअर खर्च होतात. उरलेल्यात कळांवर लक्ष ठेवायचे. म्हणून कीबोर्डमधली चिप स्वतःही झोपते आणि कोणतीही कळ दाबली गेली तर तिला जाग येईल, अशी व्यवस्था करून ठेवते. जाग आल्यावर कीबोर्ड १ ते १५ मिलिसेकंद तारेवर ठरावीक संकेत धरून ठेवतो. मधले हब तो वर पोहोचवतात. संगणकाचा यूएसबी नियंत्रक तो ओळखून पुढे किमान २० मिलिसेकंद तसाच संकेत खाली पाठवतो आणि सगळी वाहिनी उठते. या व्यवहाराचे नाव ‘रिमोट वेकअप’.

यात परवानगीची अट आहे. उपकरण जोडले जाताना ‘मी उठवू शकतो’ असे आपल्या माहितीपत्रकात सांगते. पण संगणकाने स्पष्ट आज्ञा देऊन हा अधिकार दिल्याशिवाय त्याला तो वापरता येत नाही. पूर्वीच्या तारांवर अशी अट नव्हती. ज्याचा इंटरप्ट आला त्याने उठवले, एवढाच नियम होता. उठवण्याचा अधिकार ही देण्याची आणि काढून घेण्याची गोष्ट होणे, हा यूएसबीने केलेला मोठा बदल होता.

प्रणालीकडे आलेला निर्णय

यूएसबीने एपीएमची मर्यादा उघड केली. बायॉसला फक्त कारखान्यातून यंत्रासोबत आलेली उपकरणे माहीत असत. नंतर जोडलेल्या कीबोर्डची माहिती ऑपरेटिंग सिस्टीमकडे असे. झोपेचा निर्णय एकाच्या हातात आणि माहिती दुसऱ्याच्या, अशी ही विसंगती होती. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ‘एसीपीआय’ हे नवे मानक आणून ती दूर केली. झोपेचा निर्णय प्रणालीने घ्यायचा. निर्मात्याने आपल्या मदरबोर्डचे वर्णन ठरलेल्या भाषेत तक्त्यांच्या रूपाने द्यायचे आणि प्रणालीने ते वाचून वागायचे. विंडोज ९८ आणि विंडोज २००० या आवृत्त्यांनी हे मानक घराघरांत नेले. २०१३ पासून त्याची देखभाल यूईएफआय फोरम या उद्योगसंघटनेकडे आहे.

एसीपीआयने झोपेला क्रमांक दिले. एस ० म्हणजे जागेपण. एस ३ म्हणजे मेमरी सोडून जवळजवळ सगळ्याची वीज तोडलेली. एस ४ म्हणजे मेमरीतला मजकूर डिस्कवर लिहून केलेली झोप, म्हणजेच हायबरनेशन. एस ५ म्हणजे बंद. कोणते उपकरण जास्तीत जास्त कोणत्या झोपेतून यंत्राला उठवू शकते आणि त्याचा संकेत कोणत्या मार्गाने येतो, हे तक्त्यात नोंदलेले असते. यूएसबी कीबोर्डने एस ३ मधून उठणारा लॅपटॉप एस ४ मधून बहुधा का उठत नाही, याचे उत्तर इथे आहे. त्या खोलीवर बाहेरच्या पोर्टांची वीज सहसा तोडलेली असते.

एस ३ मधून उठताना बरीच मोठी साखळी हलते. कीबोर्डचा संकेत यूएसबी नियंत्रकापर्यंत येतो. नियंत्रक आपली ‘जागे व्हा’ अशी खूण मदरबोर्डच्या मुख्य चिपकडे पाठवतो. ती वीजपुरवठे क्रमाने सुरू करते. प्रोसेसर नव्याने सुरू झाल्यासारखा फर्मवेअरच्या, म्हणजे बायॉससारख्या प्राथमिक प्रोग्रॅमच्या, पहिल्या ओळीपासून कामाला लागतो. फर्मवेअर तपासते की ही नवी सुरुवात नसून जाग आहे. मग झोपण्यापूर्वी प्रणालीने मेमरीत लिहून ठेवलेला पत्ता ते शोधते आणि कारभार तिथे सोपवते. शेवटी एकेका उपकरणाचा ड्रायव्हर आपापले उपकरण पूर्वस्थितीला आणतो. यातला एक दुवा जरी चुकला, तरी लॅपटॉप उठत नाही किंवा उठूनही स्क्रीन काळीच राहते. सुरुवातीच्या वर्षांत निर्मात्यांच्या तक्त्यांतल्या चुकांमुळे असे वारंवार घडे.

कोणाला अधिकार द्यायचा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टेबलावरच्या अनेक कीबोर्डांवर ‘पॉवर’, ‘स्लीप’ आणि ‘वेक’ अशा तीन खास कळा आल्या. त्या फार काळ टिकल्या नाहीत, कारण कोणतीही कळ दाबून उठवणे लोकांच्या अंगवळणी पडले. माऊसचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा ठरला. १९९९ नंतर प्रकाशावर चालणारे माऊस पसरले. त्यांचा दिवा आणि सेन्सर झोपेत सतत चालू ठेवणे त्या तुटपुंज्या विजेत बसत नाही. म्हणून कित्येक माऊस हलवल्यावर काही होत नाही, बटण दाबावे लागते. जे हलवल्यावर उठवतात, ते टेबलाला धक्का लागला तरी उठवतात. लिनक्समध्ये यूएसबी कीबोर्डला उठवण्याचा अधिकार आपोआप मिळतो आणि माऊसला मागून द्यावा लागतो, त्यामागे हीच सावधगिरी आहे.

बिनतारी उपकरणांत दोन कुळे आहेत. ज्यांच्यासोबत छोटा यूएसबी रिसीव्हर येतो, त्यांचा रिसीव्हर लॅपटॉपला तारेच्या कीबोर्डसारखाच दिसतो. तो झोपेत कीबोर्डचा रेडिओ संदेश ऐकतो आणि तीच ठरलेली हाक देतो. ब्लूटूथच्या कीबोर्डसाठी मात्र लॅपटॉपमधली ब्लूटूथ चिपच झोपेत चालू राहावी लागते आणि ओळखीचे उपकरण बोलावते आहे हे तिनेच ओळखावे लागते. ॲपलने ही सोय लवकर दिली. इतरत्र ती यंत्रागणिक बदलत राहिली.

झाकण हा आणखी एक पहारेकरी. झाकणातला छोटा चुंबक आणि खालचा सेन्सर यांमुळे लॅपटॉपला आपण मिटलेलो आहोत हे कळते. मिटलेला लॅपटॉप पिशवीत असेल तर माऊसच्या धक्क्याने उठून तापू नये. तोच मिटलेला लॅपटॉप मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस जोडून टेबलावर असेल तर कळीने उठलाच पाहिजे. दोन्ही गरजा खऱ्या असल्याने अधिकाराची कुलुपे अनेक झाली. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये यूएसबीने उठवण्याची वेगळी परवानगी असते आणि काही लॅपटॉपांत ती चार्जर जोडलेला असतानाच लागू होते. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक कीबोर्ड-माऊससमोर संगणक उठवू देण्याची चौकट असते. लिनक्समध्ये उपकरणच नव्हे, तर ते ज्या नियंत्रकाला जोडले आहे त्यालाही हा अधिकार असावा लागतो. यंत्राला शेवटचे कोणी उठवले, हे सांगणारी आज्ञा विंडोजने पुढे दिली, कारण नको तेव्हा उठणारे यंत्र ही न उठणाऱ्या यंत्राइतकीच मोठी तक्रार झाली होती.

अर्धवट जागेपण

फोन आणि टॅब्लेट क्षणात उठतात, तसाच लॅपटॉपही उठावा ही अपेक्षा २०१० नंतर वाढली. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ‘कनेक्टेड स्टँडबाय’ आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये त्याचे विस्तारलेले रूप ‘मॉडर्न स्टँडबाय’ आले. यात यंत्र तांत्रिकदृष्ट्या एस ० मध्येच असते. प्रणाली थांबत नाही. प्रोसेसर आणि इतर भाग जमेल तितक्या खोल विश्रांतीत जातात आणि मधूनमधून उठून मेल किंवा अपडेट घेतात. लिनक्समध्येही २०१३ पासून याच प्रकारची हलकी झोप आहे. अनेक नव्या लॅपटॉपांत एस ३ ची जुनी सोय निर्मात्यांनी काढूनच टाकली आहे.

या झोपेत कळीची हाक पुन्हा जवळपास साध्या इंटरप्टसारखी झाली आहे. फर्मवेअरपासून सगळी साखळी हलवावी लागत नाही, म्हणून जाग झटपट येते. टचपॅडही याच मार्गाने यंत्र उठवू शकतो. त्याची किंमत बॅटरीत मोजावी लागते. एखादा ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम विश्रांती घेऊ देत नसेल, तर मिटलेला लॅपटॉप पिशवीत गरम होतो आणि सकाळी बॅटरी रिकामी मिळते. एस ३ मध्ये हा धोका फार कमी होता, म्हणून ती अवस्था परत हवी अशी मागणी जाणकार वापरकर्ते करत आले आहेत.

आज बाहेरच्या कीबोर्डने न उठणारा लॅपटॉप समोर आला, तर तपासाची दिशा या इतिहासातूनच मिळते. आधी पाहायचे की झोप कोणत्या प्रकारची आहे. मग त्या झोपेत पोर्टला आणि मधल्या हबला वीज मिळते का, हे पाहायचे. शेवटी फर्मवेअर, यूएसबी नियंत्रक आणि उपकरण या तिन्ही ठिकाणी उठवण्याची परवानगी आहे का, हे तपासायचे. यातले प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या मानकात लिहिलेले आहे. ती मानके परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी एकत्र बसून केली आणि खुली ठेवली. म्हणूनच कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड कोणत्याही कंपनीच्या लॅपटॉपला उठवू शकतो.